सासऱ्यांच्या एक्स-रेत डाग दिसला, पण खोकला नाही. लग्न होईपर्यंत थांबावं का?

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आमच्या गावात शाळेत टीबी तपासणीचं शिबिर झालं. आशाताईंनी आधी घरोघरी फिरून नावं लिहून नेली होती. मामंजींचं वय ६३. त्यांना शुगर आहे आणि तरुणपणी ते बरीच वर्षं खडी क्रशरवर कामाला होते, म्हणून त्यांना एक्स-रेला बोलावलं. त्यांना ताप नाही, खोकलाही नाही. सकाळी उठल्यावर खाकरतात, ते बिडीमुळे असं म्हणतात. एक्स-रेत वरच्या बाजूला डाग दिसला म्हणून बेडका तपासायला एक डबी दिली. ती डबी अजून खिडकीतच आहे. मामंजी म्हणतात, दोन वेळ जेवतोय, रानात जातोय, मला काय झालंय? नणंदेचं लग्न वैशाखात आहे, अजून अडीच महिने. हे म्हणतात, लग्न होऊ दे, मग बघू; आत्ता टीबीचं नाव निघालं तर सोयरीक मोडेल. आशाताई आमच्या भावकीतल्याच आहेत. त्या पुन्हा आल्या तर सासूबाई त्यांना दारातूनच परत लावतात. माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि तो रोज आजोबांजवळ झोपतो. मशीन चुकू शकतं का? दोन महिने थांबलं तर चालेल का? आणि घरात न विचारता मी आशाताईंना सांगितलं तर ते चूक ठरेल का?
– एक सून, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या तीन प्रश्नांतल्या मधल्याचं उत्तर आधी देते. थांबू नका. बेडका याच आठवड्यात तपासायला जाऊ दे. काही निघालं नाही तर सगळ्या घराचा जीव भांड्यात पडेल. निघालंच, तर लग्नाआधी उपचार सुरू होऊन बरेच पुढे जातील, एवढे दिवस आज हातात आहेत. वैशाख तोंडावर आल्यावर ते नसतील.

दुसरं काम आज रात्रीच करा. मुलाचं अंथरूण तुमच्याजवळ घ्या. आजोबांना वाईट वाटेल, नातू रडेलही. त्यांना सरळ सांगा की रिपोर्ट येईपर्यंतच हे असं आहे. दिवसा अंगणात, ओट्यावर आजोबांच्या मांडीवर त्याला खुशाल खेळू दे. टीबीचे जंतू हवेतून पसरतात, आणि उघड्यावर ते पांगून जातात. धोका असतो तो दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्रभर एकाच हवेत श्वास घेण्याचा. म्हणून मामंजी झोपतात त्या खोलीची खिडकी थंडीवाऱ्याचा विचार करूनही थोडी उघडी असू दे. त्यांचं ताट, तांब्या, पांघरूण मात्र वेगळं काढू नका. भांड्यांतून, कपड्यांतून किंवा हात लागल्यानं टीबी होत नाही. वेगळं ताट मांडल्यानं एवढंच होईल की माणूस दुखावेल आणि डबीला कधीच हात लावणार नाही.

आता मशीनबद्दल. हो, चुकू शकतं. शिबिरात हल्ली हातात धरून नेता येणारं एक्स-रे मशीन असतं आणि बऱ्याच ठिकाणी फोटो आधी संगणक वाचतो. पंधरा वर्षांवरच्या माणसांसाठी असं वाचन वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली. पण संगणक 'याला टीबी आहे' असं सांगत नाही. 'याची पुढची तपासणी करा' एवढंच सांगतो. ही चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते, म्हणजे खरा रुग्ण खाली निसटू नये. मग तिच्यात टीबी नसलेलेही काही अडकतात. वरच्या भागातला डाग जुन्या, आपोआप भरून आलेल्या टीबीचा व्रण असू शकतो. कधी जुन्या न्यूमोनियाचा असतो, क्वचित गाठीचाही. आणि खडी क्रशरवर वर्षानुवर्षं दगडाची धूळ छातीत गेलेल्या माणसाच्या बाबतीत सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, विचार करावाच लागतो. टीबी आहे की नाही, हे नुसत्या एक्स-रेवरून ठरत नाही. त्यासाठी बेडका लागतो.

सिलिकोसिस निघाला तर टीबीची काळजी मिटली, असंही समजू नका. दगडाच्या धुळीनं फुप्फुसाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. अशा माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. शुगर असेल तर तो दोन-तीन पट वाढतो, बिडीनं आणखी वाढतो. साठीच्या पुढचं वय, शुगर, धूळ आणि बिडी, या चारही गोष्टी तुमच्या सासऱ्यांच्या नावापुढे आहेत. खोकला नसतानाही आशाताईंनी त्यांचं नाव यादीत घातलं ते म्हणूनच. त्यांनी त्यांचं काम चोख केलं आहे.

'खोकला नाही, मग टीबी कसा?' हा प्रश्न तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या मनात आहे, तेव्हा त्यावर थोडं सविस्तर लिहिते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत पंधरा वर्षांवरच्या लोकांना लक्षणं विचारली आणि एक्स-रेही काढले. त्यातून दोन गोष्टी कळल्या. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. आणि टीबी पक्का झालेल्यांपैकी ४२.६ टक्के लोक असे होते, की एक्स-रे काढला नसता आणि नुसती लक्षणं विचारली असती तर ते सापडलेच नसते. शंभरातले बेचाळीस! ही माणसंही जेवत होती, कामावर जात होती.

असं होतं कारण हा जंतू फार सावकाश वाढतो. शरीराला त्याची सवय होत जाते आणि घरालाही. वजन उतरलं की शुगरमुळे, दम लागला की वयामुळे, घाम आला की उन्हामुळे, खाकरणं बिडीमुळे. ज्याला रोजच खोकला येतो, तो कुणी विचारल्यावर 'खोकला नाही' असंच सांगतो, आणि त्याच्या मनानं ते खरंच असतं. तुमचे सासरे खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्या सकाळच्या खाकरण्यात जंतू आहेत की नाहीत, हे त्यांना किंवा मला नुसत्या अंदाजानं सांगता येणार नाही, एवढाच मुद्दा आहे.

रुग्ण आपल्या पायानं दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहायची, ही पद्धत आपल्याकडे कितीतरी वर्षं चालली. येईपर्यंत महिने जातात. गावातल्या डॉक्टरांकडचं खोकल्याचं औषध होतं, एखादं इंजेक्शन होतं, तालुक्याला एक फेरी होते आणि मग कधीतरी बेडका तपासला जातो. तोवर बेडक्यातून जंतू बाहेर टाकणारा एक माणूस वर्षभरात जवळच्या दहा-पंधरा जणांपर्यंत ते पोचवू शकतो. ज्यांच्यापर्यंत पोचतात ते सगळे आजारी पडत नाहीत. साधारण पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण बरंच जास्त असतं, त्यांच्यात आजार लवकर उमटतो आणि मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. म्हणून मुलाच्या अंथरुणाचं मी सगळ्यात आधी लिहिलं.

शिबिरवाले नसतं दुखणं उकरून काढतात, असं यजमान म्हणाले तर त्यांना व्हिएतनामची गोष्ट सांगा. तिथल्या का माउ या प्रांतात काही वस्त्यांमध्ये लागोपाठ तीन वर्षं, दर वर्षी, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला बेडका तपासायची सोय घरापर्यंत नेली. कुणाला लक्षणं आहेत की नाहीत, हे पाहिलंच नाही. बाकीच्या वस्त्यांत नेहमीची दवाखान्याची सोय होती. चौथ्या वर्षी मोजलं तेव्हा नेहमीच्या वस्त्यांत लाखामागे २२६ जणांना टीबी होता आणि शोध घेतलेल्या वस्त्यांत १२६ जणांना. लवकर सापडलेला माणूस लवकर बरा होतो आणि त्याच्या घरातली साखळी तिथेच तुटते. शोध घेतल्यानं आजार घरात येत नाही. तो असेल तर आधीपासूनच आहे. शोधानं त्याचे दिवस कमी होतात.

आता त्या खिडकीतल्या डबीकडे वळू. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते, आणि त्यामागे अनेकदा कारण इतकंच असतं की डबीत काय आणि कसं द्यायचं, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. तोंडातली लाळ किंवा नाकातला शेंबूड नको. छातीतून वर आलेला घट्ट बेडका हवा, साधारण छोटा चमचाभर. सकाळी उठल्यावर, चहा-बिडीच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. मग अंगणात किंवा परसात, माणसांपासून लांब उभं राहायचं. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि पोटापासून जोर लावून खोकायचं. डबी ओठांजवळ धरायची, बाहेरून माखू द्यायची नाही, झाकण घट्ट लावायचं. एक नमुना केंद्रात गेल्यावर तिथेच घेतात आणि एक पहाटेचा घरून न्यायचा असतो. तो त्याच दिवशी पोचला पाहिजे. उन्हात, गाडीच्या डिकीत पडून राहू देऊ नका. प्रयत्न करूनही बेडका येत नसेल तर 'येत नाही' म्हणून विषय सोडू नका. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात मिठाच्या पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो.

नमुना पूर्वीसारखा नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत नाहीत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर जंतूची जनुकं शोधतात. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातलं, बॅटरीवर चालणारं, प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येईल असं बनवलेलं. चाचणीला स्वतःला एक-दोन तास लागतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, तेही त्यातच कळतं. म्हणजे पहिल्याच दिवशी योग्य गोळ्या सुरू करता येतात. ही तपासणी आणि पुढची औषधं मोफत आहेत.

लग्नाचं. तुमच्या यजमानांची भीती मला पोरकट वाटत नाही. टीबीच्या नावावर मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत, आणि त्यात मुलीचा काहीएक दोष नसतो. पण त्यांनी दिवसांचा हिशेब उलटा मांडला आहे. समजा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि येत्या सोमवारी गोळ्या सुरू झाल्या. नेहमीचा टीबी असेल तर दुसऱ्यांना लागण करण्याची क्षमता बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झपाट्यानं कमी होते. दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासतात. म्हणजे वैशाखात मामंजी उपचारांचा सगळ्यात कडक टप्पा संपवून, तपासणी करून मांडवात उभे राहतील आणि लेकीचं कन्यादान करतील. आणि थांबलो तर? लग्नाच्या धावपळीत जागरणं, उपास, शुगरची हेळसांड, पाहुण्यांनी भरलेलं घर, रात्री एका खोलीत झोपलेली दहा मुलं, आणि मधोमध औषध न घेतलेला माणूस. त्यातच रक्त पडलं किंवा ताप भरला, तर जी गोष्ट झाकायची होती ती ऐन हळदीच्या दिवशी सगळ्या गावासमोर येईल. यजमानांशी बोलताना 'टीबी' या शब्दापासून सुरुवात करू नका, या तारखांपासून करा.

उपचार म्हणजे माणसाला घरातून हलवणं, असं सासूबाईंच्या मनात असू शकतं. त्यांच्या पिढीनं तुमच्याच जिल्ह्यात, मिरजेजवळ वान्लेसवाडीच्या सॅनेटोरियमबद्दल ऐकलेलं असणार. टीबी झाला की तिकडे पाठवायचं, महिनोन्‌महिने. ते दिवस संपले, आणि संपवण्यात आपल्याच देशातल्या एका अभ्यासाचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये मद्रासला काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि तितक्याच गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या काहींना घरीच ठेवून औषधं दिली. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक वेळा औषध सुरू होण्याच्या आधीच झालेली असते. सासूबाईंना यातलं एवढंच सांगा: कुणालाही कुठे पाठवायचं नाही. गोळ्या घरीच घ्यायच्या आहेत.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम आधीच बजावते, कारण तपासणीत सापडलेल्या रुग्णांचं गाडं इथे हमखास घसरतं. जो माणूस खोकून, रक्त टाकून, वजन घटून दवाखान्यात येतो, त्याला औषधानं महिनाभरात फरक जाणवतो आणि त्याचा विश्वास बसतो. तुमच्या सासऱ्यांना मुळात काही होतच नाहीये. त्यांना पहिल्या आठवड्यात गोळ्यांनी मळमळेल, तोंडाची चव जाईल, लघवी केशरी होईल, आणि ते म्हणतील, 'चांगला होतो, तुम्ही आजारी पाडलंत.' म्हणून आधीच सांगून ठेवा. केशरी रंग रिफाम्पिसिनचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ पहिल्या काही आठवड्यांत बहुधा कमी होते. मात्र डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, दिसायला धूसर झालं किंवा पायांना मुंग्या येऊ लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळ्या बंद करू नका आणि स्वतःहून रेटूही नका. नेहमीच्या टीबीला सहा महिने लागतात: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे, रोज. त्यांची शुगर तपासतील, एचआयव्हीची चाचणीही करतील. ती प्रत्येक टीबी रुग्णाची करतात, त्यात गैरसमज नको. शुगरच्या काही गोळ्यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे कमी होतो, म्हणून डॉक्टरांना त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची पट्टी दाखवायला विसरू नका. औषधाला दाद न देणारा जंतू निघाला तर उपचार वेगळे असतात, पण आता तेही बहुतेकांना तोंडानं घ्यायच्या गोळ्यांनीच देता येतात.

आशाताईंना सांगणं चूक ठरेल का, असं तुम्ही विचारलं. मुळात त्यांना सगळं ठाऊक आहे. डाग कुणाच्या एक्स-रेत दिसला आणि डबी कुणाकडून यायची आहे, ही यादी त्यांच्याकडेच असते. त्या वारंवार दारात येतात त्या याचसाठी. तेव्हा तुमच्या हातून कुठलंही गुपित फुटत नाही. ही माहिती बाहेर न बोलणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. पण भावकीतलीच व्यक्ती असल्यावर मनाला खटकतं, हेही मी समजू शकते. असं असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथे कोण कुणाचा, हे कुणी विचारत नाही. टीबीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६, तिथेही विचारता येतं. खासगी डॉक्टरांकडे गेलात तरी टीबी निघाल्यावर त्यांना सरकारकडे नोंद करावीच लागते, २०१२ पासून तसा नियम आहे. ती नोंद उपचार सुटू नयेत आणि घरच्यांची तपासणी व्हावी म्हणून असते. चावडीवर नाव लावायला नसते.

सासऱ्यांच्या पाठीमागे मात्र काही करू नका. बेडका त्यांच्या छातीतला आहे, तो त्यांनीच द्यायचा आहे, आणि सहा महिने गोळ्याही त्यांनाच गिळायच्या आहेत. फसवून नेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडतो. त्यांच्याशी कोण बोललं तर ते ऐकतील, याचा विचार करा. सुनेचं ऐकतील असं नाही, आणि यात तुमचा कमीपणा नाही. क्रशरवरचा त्यांच्या वयाचा एखादा सोबती आहे का? त्यालाही डबी मिळाली असेल. दोघं मिळून गेले तर काम सोपं होईल. टीबीतून बरी झालेली, आता इतरांना समजावून सांगणारी माणसं आरोग्य खात्याच्या मदतीला असतात, त्यांना 'टीबी चॅम्पियन' म्हणतात. आरोग्य केंद्रात विचारलंत तर अशा कुणाशी बोलणं घालून देतील. आणि शेवटी नातू आहेच. 'अण्णा, पोराला परत तुमच्याजवळ झोपायचंय, डॉक्टरांनी डबी मागितलीय,' हे यजमानांनी त्यांना एकदा शांतपणे सांगावं. बहुतेक आजोबांना यापुढे समजवावं लागत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल. तुमची, सासूबाईंची, नणंदेचीही. नणंद सासरी जाण्याआधी तिचा एक्स-रे झालेला असणं तिच्याच हिताचं आहे. मुलाला बीसीजी दिलेली असेल. ती लहानपणीच्या गंभीर टीबीपासून बरंच संरक्षण देते, पण पूर्ण नाही. म्हणून डॉक्टर आधी त्याला आजार नाही ना, हे पाहतील. नसेल तर वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे काही महिने प्रतिबंधक औषध देतील. सासऱ्यांच्या जंतूवर कुठलं औषध चालतं, त्यावर मुलाचं औषध ठरतं, हेही त्यांचा बेडका लवकर तपासण्याचं एक कारण आहे. 'धडधाकट पोराला औषध कशाला?' असं घरात म्हणतील. त्याच्या शरीरात शिरलेला जंतू झोपलेला असतानाच संपवायचा असतो, म्हणून. आणि रिपोर्टची वाट पाहत असताना मुलाला ताप येत-जात असेल, तो मलूल असेल, मानेला गाठी लागत असतील किंवा अंगणवाडीतल्या नोंदीत त्याचं वजन दोन-तीन महिने वाढलेलं नसेल, तर कुणासाठीही न थांबता त्याला डॉक्टरांकडे न्या. यासाठी तुम्हाला घरात कुणाच्या परवानगीची गरज नाही.

घरातल्या जेवणाकडे थोडं लक्ष द्या. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना काही महिने जादा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या घरांत हा आहार गेला तिथे घरच्यांमध्ये टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. त्यासाठी डब्यातली महागडी पावडर आणायची गरज नाही. भाकरीबरोबर रोज डाळ किंवा मटकी, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं, दूध. आणि हे घरातल्या बायकांच्या ताटातही, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं नव्हे. उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते.

इथे आरोग्य खात्यातल्या वाचकांसाठी दोन शब्द लिहिते, कारण हे सदर अनेक आशाताई आणि आरोग्यसेवक वाचतात. शिबिरात किती एक्स-रे काढले हा आकडा फलकावर येतो. डाग दिसलेल्यांपैकी किती जणांचा बेडका तपासला गेला, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो क्वचितच कुणी विचारतं. डबी देऊन आठ दिवस झाले आणि ती खिडकीतच असेल, तर त्या घरापुरतं शिबिर झालेलंच नाही. चारचौघांत, शेजारीण कान देऊन उभी असताना 'घरात कुणाला खोकला?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येणार. वजन मोजायच्या, शुगर तपासायच्या निमित्तानं आत बसून विचारा. ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असतं. ती यादी वेगळी ठेवा आणि माणसं परतल्यावर पुन्हा जा, कारण कोप्यांत दाटीनं राहून आलेल्यांनाच धोका जास्त. आणि एकदा मोहीम झाली म्हणजे गाव तपासून झालं, असं मानू नका. का माउमध्ये तीन वर्षं लागोपाठ गेले, तेव्हा तो फरक दिसला.

ताई, आरोग्य केंद्रात जाताना शिबिराचा कागद, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, शुगरच्या गोळ्या आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. बेडका निगेटिव्ह आला तरी त्यावर 'चला, सुटलो' म्हणून परत येऊ नका. डाग आहे तो कशाचा आहे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारून, लागलं तर नमुना पुन्हा देऊन पक्कं करा. क्रशरची किती वर्षं, कुठल्या क्रशरवर, तोंडाला काही बांधत होते का, हे मामंजींकडून विचारून एका कागदावर लिहून न्या. सिलिकोसिस ठरवताना डॉक्टरांना ते लागतं. रिपोर्ट आला की मला लिहा. निगेटिव्ह असला तर धुळीच्या आजाराचं आणि बिडीचं पुढे काय करायचं, ते आपण त्या पत्रात बघू.